पेडर रोडचा चढ

मुंबई महापालिकेच्या जलखात्यात मी छत्तीस वर्षं चावीवाला होतो. रस्त्यातलं लोखंडी झाकण उघडायचं, छातीपर्यंत येणारी लांब चावी आत घालायची, व्हॉल्व्ह फिरवून एका गल्लीचं पाणी सोडायचं, वेळ झाली की ते बंद करून पुढच्या गल्लीत जायचं, हे आमचं काम. घर लालबागला आणि ड्यूटी बहुतेक वर्षं डी विभागात : गिरगाव, ताडदेव, पेडर रोड, मलबार हिल. पहाटे चारला खांद्यावर चावी घेऊन निघायचं आणि उजाडेपर्यंत पायीच फिरायचं. माझ्या धावण्याची सुरुवात या चालण्यातून झाली.

या कामात शहराचा चढउतार अंगात मुरतो. एकाच लाइनवरच्या दोन इमारतींपैकी एकीच्या नळाला पाणी धो धो येतं आणि दुसरीच्या नळाला करंगळीएवढं, तेव्हा दुसरी किती उंचावर आहे हे मोजायला उपकरण लागत नाही. शहराच्या पाण्याच्या टाक्या कुठे आहेत तेही पाहा. मलबार हिल, माझगावचा भंडारवाडा, वरळीची टेकडी, परळ-शिवडीकडची गोलंजी हिल, वडाळ्याकडची रावळी. पाणी आपल्या वजनाने खाली घरांत उतरावं म्हणून टाक्या उंचावर बांधल्या. मलबार हिलवर फिरोजशहा मेहता उद्यानात, ज्याला लोक हँगिंग गार्डन म्हणतात, जी मुलं खेळतात त्यांच्या पायाखाली पाण्याची टाकी आहे. भंडारवाड्याच्या टाकीवरही बाग आहे, जोसेफ बाप्टिस्टा यांच्या नावाची.

म्हणूनच मुंबई मॅरेथॉनला नाव नोंदवलेला कोणी मला म्हणाला, ‘काका, मुंबईत काय, सगळा सपाट रस्ता,’ की मी त्याला खाली बसवतो. हा लेखही त्यासाठीच लिहितो आहे. बूट कुठले घ्यावेत हे सांगणारे पुष्कळ आहेत. ज्या जमिनीवर तुम्ही बेचाळीस किलोमीटर धावणार ती जमीन कशी झाली, हे धावणाऱ्याला ठाऊक असायला हवं. मला ते ठाऊक नव्हतं आणि त्याची किंमत मी मोजली.

१५ फेब्रुवारी २००४ रोजी ही स्पर्धा पहिल्यांदा झाली. मी चाळीस वर्षांचा होतो. पेडर रोडवर रोज चालणारा माणूस, त्यामुळे चढाचं काय एवढं, अशी समजूत. जाताना तो चढ कधी आला आणि कधी गेला ते कळलंही नाही. परतताना वरळी ओलांडली, हाजी अलीच्या कडेने समुद्राचा वारा लागला, पाय हलके वाटले आणि मी वेग वाढवला. सपाट, सरळ रस्ता, डावीकडे रेसकोर्स, उजवीकडे पाणी. तिथे चार माणसांना मागे टाकलं. पेडर रोड सुरू झाला आणि शंभर पावलांत दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले. ज्या रस्त्यावर मी वर्षानुवर्षं व्हॉल्व्ह फिरवले त्याच रस्त्याच्या कठड्याला धरून मी उभा राहिलो. ती चारही माणसं पुढे निघून गेली. उरलेलं अंतर मी बरंचसं चालत पुरं केलं.

त्यानंतर सुट्टीच्या दिवशी मी दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात बसायला लागलो. गोविंद नारायण माडगांवकरांचं ‘मुंबईचें वर्णन’ १८६३चं, आचार्य आणि शिंगणे यांचा ‘मुंबईचा वृत्तांत’ १८८९चा. नकाशे पाहिले, जुनी नावं लिहून घेतली. माझा चढ मला त्यात सापडला.

मुंबई ही सात बेटं, हे शाळेत सगळे शिकतात : कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम. पण बेट म्हणजे काय, तर पाण्यातून वर आलेली टेकडी. प्रत्येक बेटाला आपापला कणा होता आणि दोन कण्यांच्या मध्ये भरतीचं पाणी शिरायचं. ते पाणी आणि त्या टेकड्या आज नावांतून शिल्लक आहेत. गिरगाव म्हणजे टेकडीच्या पायथ्याचं गाव. डोंगरीला डोंगर होता. चिंचपोकळी म्हणजे चिंचांची पोकळी, सखल जागा. पायधुणीला खाडीचं पाणी यायचं, लोक पाय धुऊन पुढे जायचे. उंबरखाडीत तर खाडी हा शब्दच आहे. चौपाटीवरून मलबार हिलवर चढणाऱ्या सिरी रोडचं नाव शिडीवरून आलं, असं जुनी पुस्तकं सांगतात. ज्या टेकडीवरून पेडर रोड जातो ती खंबाला हिल, तिथे पूर्वी असलेल्या कांबळ नावाच्या झाडांवरून ओळखली गेली असंही त्यांत आहे. आता कांबळ शोधून सापडत नाही.

या सगळ्यात धावणाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची जागा म्हणजे हाजी अलीची. वरळी बेट आणि मुंबई बेट यांच्यामध्ये तिथे मोठी फट होती. इंग्रज तिला ‘ग्रेट ब्रीच’ म्हणत. भरतीला समुद्र त्या फटीतून आत घुसायचा आणि भायखळ्यापर्यंतची सखल जमीन पाण्याखाली घालायचा. १७७१ ते १७८४ या काळात गव्हर्नर असलेल्या विल्यम हॉर्नबीने ती फट बांध घालून बुजवली. कंपनी सरकारची मंजुरी नसताना त्याने काम रेटलं. बांध टिकेना तेव्हा रामजी शिवजी या पाठारे प्रभू गृहस्थाच्या स्वप्नात देवी आली, समुद्रात अमुक जागी माझी मूर्ती आहे ती बाहेर काढ म्हणाली, मूर्ती काढली आणि बांध उभा राहिला, ही आख्यायिका आमच्या घरात आई सांगायची. तीच महालक्ष्मी. आजचं देऊळ धाकजी दादाजी यांनी १८३१मध्ये बांधलं.

नवरात्रात लालबागहून आम्ही महालक्ष्मीला अनवाणी चालत जायचो. वडील गिरणीत होते. रात्रपाळी संपवून ते थेट आमच्याबरोबर निघायचे. सात रस्त्याला पहिली विश्रांती, मग महालक्ष्मी स्टेशनचा पूल, रेसकोर्सची भिंत आणि हाजी अली. १८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि वडील पुन्हा कधी गिरणीत गेले नाहीत. चालणं मात्र त्यांनी सोडलं नाही. हाजी अलीला आलं की ते म्हणायचे, ‘इथून पुढे दम राखून. देवी वर आहे.’ २००४मध्ये हे वाक्य मला आठवलं असतं तर बरं झालं असतं.

हॉर्नबीचा तो बांध म्हणजे आजचा लाला लजपतराय मार्ग. मॅरेथॉनमध्ये जिथे मी वेग वाढवला तोच. तो सपाट आहे कारण तो माणसाने समुद्राच्या पातळीला घातला आहे. आणि तो संपतो तिथे मूळ मुंबई बेटाचा कणा उभा राहतो, कारण बांध त्या कण्यालाच नेऊन टेकवला आहे. परतीच्या वाटेवर, पस्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास, तुम्ही एका बेटावरून उतरून भरावावर येता आणि भरावावरून दुसऱ्या बेटावर चढता. बांधावर पाय हलके वाटणार, वारा लागणार, घड्याळ खूश करणार. त्यावर विश्वास ठेवू नका.

बाकीचा मार्गही याच नजरेने वाचता येतो. मरीन ड्राइव्ह भरावाचा. सी लिंक पाण्यावरचा पूल, ३० जून २००९ला खुला झाला, साडेपाच किलोमीटरहून थोडा लांब. एरवी तिथे पायी जायला मनाई आहे, त्यामुळे त्या पहाटे त्यावरून धावताना मन उचंबळतं. पण पुलाला चढ असतो, आणि अंधारात तो डोळ्यांना दिसत नाही. मग माहीमचा कॉजवे. तो १८४५चा. लेडी अवाबाई जमशेदजी जीजीभाई यांनी त्यासाठी १,५७,००० रुपये दिले आणि पुलावर टोल घ्यायचा नाही अशी अट घातली. त्याआधी होडीने खाडी ओलांडावी लागायची. माझ्या मते मुंबईत बांधलेल्या रस्त्यांत एवढा उदार रस्ता दुसरा नाही. दादरला शिरणारा लेडी जमशेदजी रोड त्यांच्याच नावाचा.

माहीम, शिवाजी पार्क, प्रभादेवी, हा पट्टा आमच्या माणसांचा. पहाटे उठून लोक कट्ट्यावर आणि फुटपाथवर उभे असतात. कुणाच्या हातात सोललेली संत्री, कुणाकडे चिक्की, कुणाकडे मिठाचे खडे लावलेली केळ्याची फोड. ढोल असतात, लेझीम असते. सिद्धिविनायकापाशी हात आपोआप छातीकडे जातो. हा पट्टाही सपाटच आहे, आणि इथली माणसं तुम्हाला ओढून नेतात. मी दर वेळी इथे स्वतःला आवरतो. टाळ्या वाजवणाऱ्या आजींना पेडर रोडचा चढ अजून पुढे आहे हे ठाऊक नसतं.

मुंबईच्या उरलेल्या टेकड्या कुठे गेल्या हाही प्रश्न मला पडला होता. काही भरावात गेल्या. एका हाताने टेकडी फोडायची आणि दुसऱ्या हाताने तिची माती-दगड खाडीत टाकायचे, असं शतकभर चाललं. डोंगरीजवळची नवरोजी टेकडी घ्या. १८९६मध्ये प्लेग आला, दोन वर्षांनी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दाट वस्ती मोकळी करण्याच्या कामात ही टेकडी कापली गेली. आता रस्त्यांच्या पाट्यांवर ‘नवरोजी हिल’ आहे, हिल नाही. खंबाला आणि मलबार हिल मात्र टिकल्या. तिथे श्रीमंतांचे बंगले होते आणि वर पाण्याच्या टाक्या होत्या, म्हणून टिकल्या, असं मला वाटतं. कारण काहीही असो, मुंबई मॅरेथॉनमधला खरा, जुना, देवाने घातलेला चढ तो एकच आहे.

पेडर रोडला नाव मिळालं डब्ल्यू. जी. पेडर या महापालिका आयुक्तावरून, १८७०च्या दशकाच्या शेवटी. आजचं अधिकृत नाव डॉ. गोपाळराव देशमुख मार्ग. हे देशमुख शस्त्रवैद्य होते, आणि हिंदू विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत वाटा देणारा १९३७चा कायदा त्यांनी आणला म्हणून तो देशमुख कायदा म्हणून ओळखला जातो. लता मंगेशकरांचं प्रभुकुंजही याच रस्त्यावर. पुढे केम्प्स कॉर्नर, जे केम्प अँड कंपनी या औषधाच्या दुकानावरून पडलेलं नाव. तिथला उड्डाणपूल मुंबईतला पहिला. शिरीष पटेल यांनी तो आखला आणि १९६५च्या एप्रिलमध्ये तो सुरू झाला. त्यावरून ह्यूज रोडकडे उतरायला लागलं की गिरगावची चौपाटी जवळ आली हे कळतं.

आता या चढावर धावायचं कसं ते सांगतो. बोस्टनच्या मॅरेथॉनमध्येही असाच शेवटच्या टप्प्यातला चढ आहे, विसाव्या मैलानंतरचा, ‘हार्टब्रेक हिल’. उंची जेमतेम ८८ फूट, लांबी अर्ध्या मैलाहून कमी. १९३६मध्ये जॉन केली तिथे पुढे असलेल्या टार्झन ब्राउनला गाठून त्याच्या पाठीवर थाप मारून पुढे गेला. ब्राउन चिडून उसळला, त्याला मागे टाकून जिंकला, आणि एका वार्ताहराने त्या टेकडीला हे नाव दिलं. एवढ्याशा उंचीने माणूस का मोडतो? कारण ती कुठे येते. तीस-बत्तीस किलोमीटरनंतर स्नायूंतली साखर संपत आलेली असते. तोच चढ पाचव्या किलोमीटरला आला तर कुणी त्याला नावही ठेवणार नाही. पेडर रोड तुम्हाला दोन्ही रूपं दाखवतो : जाताना तो सोपा वाटतो म्हणून फसवतो, येताना हिशेब मागतो.

चढावर पाऊल आखूड करा. वेग कमी होऊ द्या, दम तेवढाच ठेवा. शेजारच्याशी तुटक का होईना बोलता आलं पाहिजे. नजर माथ्यावर लावू नका, समोरच्या दहा-पंधरा पावलांवर ठेवा. कमरेतून वाकू नका. हात खालून वर हलवा, पाय त्यांच्या मागे येतात. चालावं लागलं तर चाला, पण चालायचं कुठे आणि पुन्हा धावायचं कुठे हे आधी ठरवा. मी एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत असं ठरवतो.

उतार जास्त फसवा आहे. केम्प्स कॉर्नरकडे उतरताना लोक पाय सोडून देतात. उतारावर मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच वजन पेलत असतात आणि त्यानेच ते फाटल्यासारखे दुखतात. जाताना हाच रस्ता उलटा असतो, म्हणजे हाजी अलीकडचा उतार लवकर येतो. तिथे धाडधाड उतरलात तर त्याचा त्रास तीस किलोमीटरनंतर होतो. पावलं छोटी, पाय अंगाखाली, टाच आपटायची नाही.

पाण्याबद्दल बोलायचा मला थोडा अधिकार आहे. जानेवारीतसुद्धा मुंबईत हवा दमट असते. सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो आणि साडेचार-पाच तासांत धावणारा माणूस पेडर रोडला पोचतो तेव्हा ऊन चांगलंच वर आलेलं असतं. घामातून मीठ जातं. नुसतं पाणी पीत राहिलात तर रक्तातलं मीठ घटतं आणि ते धोक्याचं आहे. मीठ-साखर घातलेलं पाणी घोट-घोट घ्या, आणि हाजी अलीच्या आधी घ्या, चढावर नाही. दुखण्यावरच्या गोळ्या घेऊन धावू नका, मूत्रपिंडाला त्रास होतो. चाळिशी ओलांडली असेल तर आधी हृदयाची तपासणी करून घ्या. छातीत दडपण वाटलं तर तिथेच थांबा.

सरावाला चढ कुठून आणायचा, असं लालबाग-परळची पोरं विचारतात. गोलंजी हिलचा रस्ता आहे, शिवडीच्या किल्ल्याकडचा चढ आहे, चौपाटीहून वर जाणारा सिरी रोड आहे. पहाटे दादरच्या टिळक पुलावर फुटपाथने दहा खेपा करा. आठवड्यातून एकदा पुरे. ज्यांना जमतं ते साताऱ्याला जातात. २०१२पासून तिथे यवतेश्वरच्या घाटातून हिल हाफ मॅरेथॉन होते. तो घाट एकदा केला की पेडर रोड आटोक्यात येतो. साताऱ्याची मातीच तशी आहे. ललिता बाबर माण तालुक्यातल्या मोहीची. शाळेला पायी जाता-येता पळायला लागलेली ही मुलगी मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत २०१२ पासून लागोपाठ तीन वर्षं पहिली आली.

शेवटी एक जुनी गोष्ट, कारण ती मला फार जवळची वाटते. १९१९मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांत खेड्यापाड्यांतली पोरं लांब पल्ल्याच्या शर्यतीत अनवाणी धावली. अध्यक्ष होते सर दोराबजी टाटा आणि पाहुणे मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड. त्या पोरांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास आहेत हे टाटांच्या लक्षात आलं. त्यांनी लॉइडना गळ घातली आणि पुढच्याच वर्षी हिंदुस्थानचा संघ अँटवर्प ऑलिंपिकला गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. १९२०ची ती मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची होती, ऑलिंपिकमधली सर्वांत लांब. चौगुले २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. बॅकबेच्या भरावाची मोठी योजना रेटणारे गव्हर्नरही हेच लॉइड. मुंबईच्या मॅरेथॉनला २०१८पासून टाटांचं नाव आहे, आणि ती ज्या मरीन ड्राइव्हवरून धावते त्या किनाऱ्याचा भराव लॉइडच्या त्या योजनेत सुरू झाला. चौगुल्यांचं नाव मात्र धावणाऱ्या दहा जणांना विचारलं तर एकालाही येत नाही. ते यायला हवं.

मी आतापर्यंत सहा वेळा पूर्ण मॅरेथॉन केली. पहिल्या वेळेनंतर पेडर रोडवर कधी कठडा धरावा लागला नाही. यंदा नाव नोंदवलं असेल तर डिसेंबरातल्या एका रविवारी पहाटे, गाड्या कमी असताना, हाजी अलीच्या बांधावरून केम्प्स कॉर्नरपर्यंत एकदा चालत जा. घड्याळ घरी ठेवा. बांध कुठे संपतो आणि टेकडी कुठे सुरू होते ती जागा पायाने शोधून ठेवा.